मागचा लाल दिवा

माबेला, मस्कत, बुधवार संध्याकाळ, जुलै २००३

पास झाली. सुटे भाग मागवून आम्ही घरी जुळवलेली किट कार सरकारी तपासणीत पास झाली! गेल्या आठवड्यात मागे धुक्याचा दिवा नाही म्हणून परत पाठवली, तेव्हा माझा नवरा जोसेफ उखडलाच होता. "मस्कतमध्ये धुकं कुठंय?" इन्स्पेक्टर शांतपणे म्हणाला, "तिकडे दक्षिणेत, सलालात, या दिवसांत गार धुक्यात समोरचं दिसत नाही. तिकडे कधी जाणारच नाही?"

आज मी बटण दाबलं, मागून जोसेफ ओरडला, "लागला गं!" घरी आल्यावरही दोनदा लावून पाहिला. भिंत लालेलाल. वेडी झालेय का मी? इतकी वर्षं नट-बोल्ट आवळले, पण ही घेऊन जायचं कुठे, हे आम्ही एकमेकांना कधी विचारलंच नव्हतं.

बाहेर एवढा उकाडा, आणि जोसेफ कपाटात स्वेटर शोधतोय.