ओढ्याच्या आईचे दोन गुंठे

मी, नवनाथ भैरू कड, वय ४९, धंदा नोकरी, राहणार कुरुळी, तालुका खेड, जिल्हा पुणे. पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. डोके मात्र ठिकाणावर आहे आणि कोणी धाक घालून लिहवून घेतलेले नाही. देवाला स्मरून हे मृत्युपत्र माझ्याच अक्षरात लिहितो. याआधी असे काही केलेले नाही.

१. राहते घर व बँकेतील सर्व शिल्लक पत्नी मंजुषा हिला. पुढच्या खोलीतला कोच तिला कधीच आवडला नाही. आता खुशाल काढावा.

२. कंपनीत फिटर म्हणून काम करताना जमवलेली हत्यारे, पेटीसह, धाकटा भाऊ कुलदीप याला. मोठा पाना त्याच्याकडेच आहे, दर दिवाळीला "उद्या आणतो" म्हणतो. पेटीतली पान्याची रिकामी जागा त्याने एकदा नीट बघावी.

३. माझ्या वाटणीचे ओढ्याकडचे दोन गुंठे. तिथे बांधावर ओढ्याची आई आहे, शेंदराचा दगड. वडील औत तिथून वळवून नेत. आई कौशल्याबाई दर अमावास्येला तेल-शेंदूर लावी आणि बोटाला उरलेला माझ्या कपाळाला पुशी. मी तसाच शाळेत जात असे. तेव्हा पलीकडे ज्वारी होती, आता शेडचे पत्रे आहेत.

त्या शेडच्या पायासाठी ब्रेकर लागला तेव्हा हादऱ्याने शेंदराचा सगळा थर गळून पडला. आम्ही घाबरलो. आई म्हणाली, "भ्येता काय? आईनं कवच सोडलं. लई वर्सं अंगावर वझं व्हतं, मोकळी झाली."

आत बोटाच्या पेराएवढ्या मातीच्या कुप्या होत्या, एकमेकींना चिकटून दगड झालेल्या. एक फुटली होती. तिच्यात माशी होती, पंख मिटलेली. मुलगी मोनिका भूशास्त्र शिकते. तिच्या कॉलेजच्या बाईंनी येऊन सांगितले, या हजारो वर्षांपूर्वीच्या मधमाश्या. या पोळे बांधत नसत. एकटी आई जमिनीत खोल्या करी, प्रत्येकीत परागाचा गोळा ठेवी, त्यावर अंडे घाली, झाकण लावी आणि मरून जाई. पिलाचे तोंड तिला दिसत नसे. ओढ्याच्या दरडीत अशा कुप्या अजून आहेत.

कुलदीपचे म्हणणे, पलीकडच्या गोडाऊनच्या रस्त्यासाठी ही जागा मी विकावी. तो म्हणाला, "दादा, मेलेल्या माश्यांपायी रोडटच जागा अडवून बसतो व्हय? लोक हसत्यात राव."

मी म्हटले, "शेंदूर होता तवा तूबी पाया पडायचास."

"तवा कुठं म्हाईत होतं आत काय हाय!"

मला माहीत झाल्यापासून मी जास्त वाकतो.

म्हणून हे दोन गुंठे मोनिकाला देतो. तिने व तिच्या पुढच्यांनी ते कधीही विकू नयेत. (हे शेवटचे वाक्य खोडले आहे. सही: न. भै. कड)

४. गळालेले कवच आईने नदीत सोडले नाही, जुन्या लुगड्यात बांधून ठेवले. तिला जाऊन दोन वर्षे झाली, पण शेंदरावर तिच्या बोटांचे ठसे तसेच आहेत. ते माझ्या अस्थींबरोबर इंद्रायणीत सोडावे.

५. खाडाखोडीचा खुलासा. हा कागद मोनिकाला वाचायला दिला होता. वाचून म्हणाली, "पप्पा, डबा भरून ठेवलात, बरं केलंत. पण झाकण पण लावून जाणार का?"

सकाळी ओढ्यावर नमस्काराला गेलो, तेव्हा त्या फुटक्या कुपीत पाहत राहिलो. आईने पिलासाठी काही कमी ठेवले नव्हते. वरून गाळ बसला, झाकण घट्ट झाले आणि पिलाला ते उघडता आले नाही.

घरी येऊन ते वाक्य खोडले. मोनिका, जागा ठेव, वीक, नाहीतर कॉलेजला दे. विकलीस तर दरड आधी बाईंना पाहू दे, एवढी विनंती, अट नाही. आजी म्हणाली होती तशी तू मोकळी राहा.

लिहून ठेवणार: नवनाथ भैरू कड (सही)

साक्षीदार: वरील सही व कलम ३ मधील खाडाखोड नवनाथ कड यांनी आमच्या समक्ष केली. खोडताना त्यांनी पेटीतली स्टीलपट्टी मागवली. रेघ सरळ आली आहे.

१. अण्णासाहेब मुऱ्हे, शेजारी (सही)
२. इंदुताई बागडे, निवृत्त शिक्षिका (सही)

ठिकाण: कुरुळी
तारीख: २१ नोव्हेंबर २०२४