कवडी सणात घालायची

आये,

परवा नातीनं एक पिशवी आणून माझ्या मांडीवर ठेवली. बारवी धरणाच्या रस्त्याला तिनं आणि तिच्या नवऱ्यानं थोडी जागा घेतलीय. तिथं मागच्या अंगणात चार कोंबड्या पाळायचं खूळ तिच्या डोक्यात शिरलंय, आणि खुराड्यात अंथरायला हे खास मागवलंय म्हणे. पिशवीवर इंग्रजीत हेम्प लिहिलेलं. माझा मुलगा ते वाचून म्हणाला, "कोंबड्यांना भांग पाजताय की काय?" मी पिशवीत हात घातला. पांढुरके, हलके काडीचे तुकडे, मुठीत दाबले तर सुके खरखरीत. जात निराळी असेल, पण काडी तीच गं. हेंद्रेपाड्यातल्या या तिसऱ्या मजल्यावर बसल्या बसल्या मला आपलं मोरिवलीचं घर दिसलं, मागची पडवी, तुझं खुराडं. मी नातीला म्हटलं, "अगं, हा तर सण." ती म्हणाली, "कुठला सण, आजी?" झालं. मला जे हसू फुटलं ते काही आवरेना. पोरीला वाटलं, म्हातारीला ठसका लागला, ती पाणी घेऊन आली.

का हसले ते तिला सांगितलं नाही. तुलाही कधी सांगितलं नव्हतं. तू जाऊन चाळीसच्या वर पावसाळे झाले, आता तरी सांगते. रागावू नको.

मी दहा वर्षांची असेन. फाळणीत घरदार सुटलेले सिंधी लोक कॅम्पातल्या बराकींत येऊन राहिले त्याला वर्ष-दोन वर्षं झालेली. बाबा कारखान्यात जायचे आणि घरातल्या प्रत्येक गोष्टीवर त्यांचा शब्द चालायचा. फक्त खुराडं तेवढं तुझं. डोंगरातल्या तुझ्या माहेराहून कोंबड्या तू आणलेल्या, त्यांचं दाणापाणी तू बघायचीस, आणि काही सलत असलं की तिथंच जाऊन पाठमोरी बसायचीस. आदल्या पावसात खुराड्यातल्या भाताच्या तुसाचा लगदा झाला होता. कोंबड्यांचे पाय सुजले, पिल्लं गारठून गेली, एक उरलं नाही. शेजारी वासानं वैतागले. त्या वर्षी भर पावसात कवडी खुडूक होऊन अंड्यांवर बसली, तेव्हा बाबा म्हणाले, "या खेपेला पिल्लं मेली तर खुराडं मोडून टाकीन. मागं मोरी बांधायला जागा होईल." तू दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी हाती माहेरी निरोप धाडलास.

कवडी माझी लाडकी होती हे तुला ठाऊकच होतं. पांढऱ्यावर काळे ठिपके, आणि तोरा असा की जणू घर तिच्याच नावावर आहे. मी शाळेतून आले की पायात पायात करायची.

गौरी चार दिवसांवर आल्या होत्या. गौरीच्या सणाला आपल्यात तिखटाचं जेवण, म्हणजे कोंबडी आलीच. दिवेलागणीला मी ओटीवर पाढे घोकतेय, आणि आतून तुझा आवाज येतो. ण तुझ्या तोंडी कधी आलाच नाही. तू म्हणतेस, "कवडी सनात घालाची हाय." बाबा विचारतात, "कवडीच? दुसरी नाय का?" तू म्हणतेस, "नाय, कवडीच. बाकीच्यांचं मंग बघू." आणि बाबा म्हणतात, "बरं. कोयता घासून ठेव, सकाळीच कापून मोकळा व्हतो."

आता तूच सांग, मी काय समजायचं? सणाला चार दिवस असताना उद्याच कशाला कापतील, हेही मला सुचलं नाही. आपल्याकडं सगळे त्याला ताग म्हणायचे. सण म्हणणारी मोरिवलीत तू एकटी. दोरासाठी तागाचा वाख सोलून घेतला की उरते ती काडी तुझ्या माहेरी खुराड्यात पसरतात, आणि त्याच दुपारी, मी शाळेत असताना, मामा त्या काड्यांचे भारे पडवीत टाकून गेला होता, हे मला कुठून ठाऊक असणार? माझ्या लेखी सण एकच. मला तुझा इतका राग आला, आये, की त्या रात्री मी तुझ्याकडं पाठ करून झोपले.

सकाळी तू पाण्याला गेलीस आणि मी कवडीला अंड्यांवरून उचलली. तिनं माझ्या मनगटाला कडकडून चोच मारली. तिला फडक्यात गुंडाळली आणि बांधाबांधानं चिखल तुडवत थेट कॅम्प पाच गाठला. तुझ्याकडं अंडी न्यायला यायची ती सिंधी मावशी, तिच्या बराकीत. म्हटलं, "हिला ठेवा, घरी हिला कापणार आहेत." मावशीनं फडकं सोडलं, कवडीच्या पोटाखाली हात घातला आणि तिचा चेहराच उतरला. "पुट, ये तो बैठी हुई कुकड है. इसके अंडे किधर?" मी म्हटलं, घरी. ती म्हणाली, "बैठी हुई को उठाया तूने? अरे, उठाये हुए का दुख मेरे से पूछ." मला तेव्हा त्यातलं काही कळलं नाही. अंड्यांचं काय घेऊन बसलीय, इथं जीव चाललाय, असं मनात म्हणत मी घरी पळाले.

मागच्या अंगणात खट खट आवाज चाललेला. बाबा उकिडवे बसून कोयत्यानं पांढऱ्या काड्यांची बोटाएवढी कांडकी करत होते. ढीग पडलेला. मी विचारलं, "हे काय?" बाबा वर न बघता म्हणाले, "तुझ्या आयशीचा सन. असल्या काड्या लोक चुलीत घालतात, हिला कोंबडीखाली घालाच्यात." रात्रीचं 'सनात' आणि 'कापून' मला तेव्हा उलगडलं. तेवढ्यात तू खुराड्यातून बाहेर आलीस. हात रिकामे. "कवडी नाय," म्हणालीस. "मुंगसानं नेली." बाबांचा कोयता थांबला. त्यांनी जागेकडं एक नजर टाकली, मोरीच्या हिशेबानं, आणि तू ती नजर पाहिलीस. तू गार होत चाललेली अंडी ओच्यात घेतलीस, टोपलीत सण अंथरून त्यात मांडलीस, वर तुझं जुनं लुगडं घातलंस आणि टोपली चुलीपाशी घेऊन बसलीस. तान्ह्या पोराला घेऊन बसावं तशी.

मी पुन्हा पळाले. मावशी दारातच बसली होती, कवडी तिच्या मांडीवर, ओढणीखाली. म्हणाली, "मैंने उतारी नहीं. गरम है अभी. भाग." येताना मी दोनदा घसरले, पण कवडीला हातातून सुटू दिली नाही. तोंड दाखवायची हिंमत मात्र झाली नाही. कुंपणाच्या फटीतून तिला आत सोडली आणि वळसा घालून पुढच्या दारानं आले. तोवर अंगणात कॉक कॉक सुरू झालेलं. तू टोपली घेऊन धावलीस, खुराड्यात सण पसरलास, अंडी ठेवलीस. कवडीनं एकदा पायानं काड्या उकरल्या, मान वाकडी करून बघितलं आणि बसली. अशी बसली की हाललीच नाही.

दोन अंडी वाया गेली. बाकी सगळी पिल्लं निघाली आणि पाऊस सरेपर्यंत सुक्यात वाढली. खुराडं राहिलं. पुढल्या वर्षी सणाच्या काड्यांचे भारे आणायला बाबा स्वतः तुझ्या माहेरी गेले, आणि मोरीचं नाव पुन्हा त्यांनी काढलं नाही.

आणि तू? तू जन्मभर एकच गोष्ट सांगत राहिलीस. मुंगसाच्या तोंडातून सुटून माझी कवडी सनाच्या ओढीनं परत आली. माझ्या लग्नात व्याह्यांनासुद्धा सांगितलीस. सिंधी मावशीला तर चारदा. ती दर वेळी गंभीर चेहऱ्यानं म्हणायची, "हां बहन, सन की बात ही और है." मग माझ्याकडं बघायची, आणि मी पाण्याचं निमित्त करून आत जायची. एकदा बोलले असते तर तू चार शिव्या घालून हसली असतीस, हे मला तेव्हाही कळत होतं. पण गोष्ट सांगताना तुझी मान जी ताठ व्हायची, ती मला वाकवायची नव्हती. त्या दोन अंड्यांचं मात्र अजून वाईट वाटतं.

हा कागद कुठं टाकायचा, म्हणून घडी करून उशीखाली ठेवतेय. काल नातीनं विचारलं, "आजी, कोंबड्या बसतील ना गं यावर?" मी तिला जवळ बसवून कवडीची गोष्ट सांगितली. मुंगूस, कुंपण, सगळं. आणि कवडी आपली आपण परत आली, असंच सांगितलं.