खिळा समोरच्या भिंतीवर

तात्यापारा, रायपूर
८ जुलै २०२४

चि. चित्रास नरहरदादाचे पोटभर आशीर्वाद.

मोबाईलवरची अक्षरं आता मुंग्यांसारखी दिसतात, म्हणून स्केच पेननं कागदावर लिहून राहिलो. तूही मोठ्या अक्षरात लिही.

परवा दुकानात औषध निरीक्षक आल्या होत्या. बाई भली. बोर्ड पाहून म्हणाल्या की फार्मसी हा शब्द काढा. चिठ्ठी पाहून औषध तिथंच मिसळून देतात ती फार्मसी. तुम्ही तयार गोळ्या विकता, फार्मासिस्ट हजर असतो, म्हणून तुम्ही केमिस्ट अँड ड्रगिस्ट. फार्मासिस्टच नसला तर नुसतं ड्रगस्टोअर, म्हणजे बाम आणि अशाच घरगुती वस्तू. बोर्ड बाबांच्या मिक्स्चरच्या काळातला, मला कधी सुचलंच नाही बघ.

खरं दुखणं वेगळंच आहे. मागच्या आठवड्यात शेजारच्या शेवंताबाईंना बीपीची पंचवीसऐवजी पन्नासची गोळी दिली. त्यांनीच पट्टी ओळखून परत आणली, म्हणून निभावलं. काचबिंदू वाढलाय. ऑगस्ट संपला की मी काउंटर सोडणार. दुकानाचं लायसन माझ्या फार्मासिस्टच्या नोंदणीवर आहे. मी उठलो की बाबांचं दुकान बामवर येईल. तुझी गोदावरी वहिनी रोज दुकानातला बाबांचा फोटो पुसून जाते, ते पाहूनच भ्या वाटते.

तिकडे सगळ्यांना आशीर्वाद. माया पातळ होऊ देऊ नको.
तुझा दादा

नागपूर
१३ जुलै २०२४

ती. दादास चित्राचा शि. सा. नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. अरे, डोळ्यांचं इतकं झालं आणि आता सांगून राहिला? पण स्वतःहून उठायचं ठरवलंस, हे लाख बोललास.

रागावू नको, जुनं बोलते. फार्मसीचा डिप्लोमा दोघांनी एकाच वर्गात केला, कारण तू एकदा आपटला होतास! नंबर माझा वर. तरी दुकानाच्या भिंतीवर सर्टिफिकेट तुझंच लागलं. पोट्टी सासरी जाणार, खिळा कशाला वाया घालवायचा, असं बाबा म्हणाले होते. पुढे शाळेत विज्ञान शिकवण्यात जन्म गेला. आता लेकाच्या, शिशिरच्या घरी भाजी निवडत बसते. माझी नोंदणी जिवंत असती तर आजच गाडीत बसले असते. पण ती केव्हाच मेली असेल. एखादा चांगला फार्मासिस्ट ठेव.

वहिनीला नमस्कार. या धाकटीवर जीव आहे तसाच असू दे.
चित्रा

तात्यापारा, रायपूर
१९ जुलै २०२४

चि. चित्रास आशीर्वाद.

फार्मासिस्ट शोधला. एक दलाल आला. कुणाचं तरी सर्टिफिकेट भाड्यानं घेऊन भिंतीवर लावा, माणूस येणार नाही, म्हणे. वहिनीनं चहा पाजून त्याला वाटेला लावलं. उद्या शेवंताबाईंना गोळी कोण, भिंत देईल का, असं तिनं विचारलं.

आता एक कबुली. दर काही वर्षांनी राखी बांधून झाली की मी तुझ्यासमोर एक कागद ठेवायचो. घराचं काही असेल म्हणून तू न वाचता सही करायचीस, आणि पेढा खायला घाई करायचीस! तो तुझ्या नोंदणीच्या नूतनीकरणाचा फॉर्म होता. राज्य वेगळं झालं तेव्हा भोपाळहून तुझं नाव इथल्या रजिस्टरात मीच आणवलं. बाबांसमोर तेव्हा माझं तोंड उघडलं नाही, त्याची लाज वाटायची. तुझं नाव मरू द्यायचं नाही, एवढंच हातात होतं. चित्रा, तुझी नोंदणी जिवंत आहे.

ये, असं म्हणायचा मला हक्क नाही. तरी लिहून टाकलं. उत्तर काहीही दे, भाऊ तुझाच.
दादा

नागपूर
२४ जुलै २०२४

ती. दादास शि. सा. नमस्कार.

लबाडा! इतकी वर्षं मला फसवून सह्या घेतल्यास. पत्र शिशिरनं मोठ्यानं वाचलं, मला वाचवेना. दोन दिवस नुसती रडले, आणि मग पांढरा कोट शिवायला टाकला.

राखीच्या आधीच पोचते. पण ऐक, तू खुर्चीवर बसून गिऱ्हाइकांशी गप्पा मारायच्या, पट्ट्यांना हात लावायचा नाही. जुनी पुस्तकं उजळणीला काढून ठेव, नवी औषधंही मला शिकावी लागतील. ती तू माझ्याकडून तोंडी घोकवून घे, तेवढे तुझे कान चांगले आहेत. लायसनचे फॉर्म मी भरीन, आणि या खेपेला वाचून सही करीन. बोर्डावर केमिस्ट अँड ड्रगिस्टच लिहवून घे, खरं तेच.

आणि माझ्या सर्टिफिकेटसाठी खिळा ठोकून ठेव. बाबांच्या फोटोशेजारी नको. समोरच्या भिंतीवर ठोक, म्हणजे त्यांना रोज दिसेल.

वहिनीला सांग, पेढे दोनदा आणायचे, एकदा राखीला आणि एकदा खिळ्याला.
तुझी चित्रा