गळ्याच्या वरचं माप

१४ नोव्हेंबर

ताई,

नमस्कार. अक्षर ओळखून तू पाकीट न उघडताच टाकून देशील, म्हणून पत्ता दुकानातल्या काजं-बटणवाल्या बाईंकडून लिहून घेतला. आता उघडलंच आहेस तर वाच.

इकडे ठीक. शाळेच्या गणवेशांचं काम वेळेत गेलं. नवीन इस्त्री घेतली, जुनी डाग पाडत होती. आईची खोली अजून आवरली नाही. तू शेवटी आली नाहीस याचा राग होता, आता नाही. तो अधिकारही मला उरलेला नाही.

आईला विसरायला होऊ लागल्यावर ती रोज चार वाजता दाराशी बसायची, बाबा कामावरून येतील म्हणून. बाबा जाऊन दहा वर्षं झालेली. समजावलं की तिला ते नव्याने कळायचं आणि ती नव्याने रडायची. तुझा मेहुणा (तू त्याला कधी तसं म्हणाली नाहीस, मी म्हणते) एके दिवशी म्हणाला, "मी होऊ का बाबा? तासभरच."

तो रूप बदलतो, यावरूनच तर लग्नात एवढं रामायण झालं. पण त्याच्या लोकांना रूप घ्यायला कुणाच्या तरी आठवणीचा आधार लागतो, हे तुला माहीत नसेल. मी आठवत गेले, तो होत गेला. रोज चारला बाबा दारातून यायचे, "चहा टाकलास का गं?" विचारायचे, आई हसायची. पाचला मी त्याला शिलाईच्या खोलीत नेऊन म्हणायचे, "ये परत." तो यायचा, घामाघूम होऊन.

आई जूनमध्ये गेली, ते दोन ओळींत तुला कळवलं. न कळवलेलं आता लिहिते. तिला पोचवून मी घरी आले, तर तो अजून बाबांच्याच रूपात बसला होता. "ये परत" माझ्या तोंडून निघेना. म्हटलं, "आजचा दिवस राहा." दुसऱ्या दिवशीही तेच. मला बाबा हवे होते, ताई. पेपर वाचताना ते जीभ जराशी बाहेर काढायचे, तेवढं बघायला मी चार महिने नवऱ्याला बाहेरच्या खोलीत दिवाणावर झोपवलं. त्याने हूं की चूं केलं नाही. एकदाच विचारलं, "माझी आठवण येते का?"

मी म्हटलं, "मधे बोलू नका, बाबा."

गेल्या महिन्यात भानावर आले आणि "ये परत" म्हटलं. तो येईना. माझ्याच आठवणीत तो पुसट झालाय. फोटोंत त्याच्या लोकांच्या चेहऱ्याच्या जागी नुसता धुरकट डाग येतो. मग मापाच्या वहीत त्याच्या लग्नाच्या शर्टाचं माप सापडलं. अंगाला टेप लावून वाचत गेले, खांदा साडेसतरा, बाही चोवीस, गळा पंधरा. खांदे आले, हात आले. गळ्याच्या वर वहीत काहीच नाही. तिथे अजून बाबा आहेत, तेही अर्धवट. त्याची आई होती तेव्हा सांगायची, एकच रूप सहा महिने राहिलं की कायमचं बसतं. महिनाच उरलाय.

शेजाऱ्यांना विचारलं. सगळे म्हणतात, "छान होता हो." यावरून नाक कसं आणायचं? मलाही एवढंच आठवतं, की तो मला आवडायचा.

तू मात्र कारखान्यात कपड्यातली खोट शोधतेस तसं त्याला निरखलं होतंस. लग्नाच्या वेळी मला स्वयंपाकघरात नेऊन एकेक ऐकवलंस. नाकाबद्दल काहीतरी वाईट, मग भुवई, मग दात. मी कान झाकून घेतले, आणि नऊ वर्षं तुझ्याशी अबोला धरला. तेव्हा ऐकून घ्यायला हवं होतं गं.

ये, ताई. त्याच्यासमोर उभी राहा आणि ते सगळं तोंडावर बोल. माझी दया येऊन काही गाळू नकोस, गोड करू नकोस.

काल त्याने विचारलं, "ताईंना मी मुळीच आवडलो नव्हतो ना?"

मी म्हटलं, "मुळीच नाही."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्या जिवात जीव आला.

तुझी, आणि अजून तरी त्याची,
धाकटी