धमन्यांतला चुना

४ मार्च
प्रयोगशाळेत चौसष्ट काचा रंगवल्या. डोळ्यांची वाट लागली! उंदरांच्या धमन्यांचे पातळ काप. जिथे चुना, म्हणजे कॅल्शियम, साठलाय तिथे लाल रंग धरतो. किती लाल, ते मी मोजायचं. मधुमेहाची गोळी कुठल्या उंदरांना दिली, कुठल्या नाही, हे मला कळू द्यायचं नाही — काचेवर नुसते आकडे. आमच्या प्रमुख मॅडम म्हणतात, "कळलं की डोळे लबाडी करतात."

११ मार्च
ताईकडे गेले. डावा पाय घोट्यापर्यंत काळा पडलाय. बावीस वर्षांचा मधुमेह, त्यात किडनीही गेलेली. एक्स-रेत हाडांच्या बाजूला पांढऱ्या रेघा. भावजींनी विचारलं, "ह्या कसल्या?" मीच सांगितलं — धमन्या. चुन्यानं कडक झाल्यात, रक्त खाली उतरत नाही.
ताई म्हणाली, "जन्मभर शिलाईच्या गिऱ्हाइकांनी चुना लावला, आता आतूनही लागला!"
आधी कुणीच हसलं नाही. मग तिघंही हसत सुटलो.

१९ मार्च
मॅडमनी यादी उघडली. गोळी दिलेल्या उंदरांत लाल बाकीच्यांच्या निम्म्याहून कमी! पुन्हा मोजायला लावलं. तेच.
"उंदीर आहेत," मॅडम म्हणाल्या. पण चष्मा तीनदा पुसला.

२० मार्च
न राहवून विचारलंच — माझ्या बहिणीला देता येईल? मॅडमनी किडनीचे रिपोर्ट पाहिले. "ह्या किडनीला झेपायची नाही. आणि साठलेला चुना निघतो असं कुठे दिसलंय आपल्याला? नवा साठणं कमी झालं, एवढंच."
बरोबर आहे त्यांचं. घरी येऊन भांडी आपटली.

२ एप्रिल
गुडघ्याखालून पाय काढायचं ठरलं. ताईचा पहिला प्रश्न — "शिलाई मशीन कशी चालवू?" भावजी म्हणाले, मोटर बसवू. ती मला म्हणाली, "छोटे, काढलेल्या पायाचं काय करतात गं?"
"जाळतात. नाहीतर कुणी लिहून दिलं तर संशोधनाला."
"तुमच्याकडे लागतो?"
लागतो. आता माणसांच्याच धमन्या तपासतोय — ऑपरेशनमध्ये निघालेले तुकडे बशीत जिवंत ठेवायचे, अर्ध्यांना तेच औषध, अर्ध्यांना नाही. सांगून बसले!
"मग कागद आण."
"ताई, मला नाही जमणार."
"तुला कोण विचारतंय? पाय माझा आहे!"

९ एप्रिल
ऑपरेशन झालं. शुद्धीवर आली, पाणी मागितलं. नसलेल्या बोटांना खाज सुटलीय म्हणे.
धमनीचा तुकडा दुपारी आमच्याकडे आला. मॅडम म्हणाल्या, दुसऱ्या कुणाला देते. नको म्हटलं. कापताना सुरीखाली कर्रकन आवाज झाला. आठ चकत्या, आठ बश्या. औषध कुठल्या चारांत, ते मॅडमनाच ठाऊक.

१७ एप्रिल
ताई कुबड्यांवर दारापर्यंत गेली. भावजींवर ओरडलीसुद्धा — म्हणजे बरी आहे. निघताना म्हणाली, "माझा पाय कामाला लागला की नाही?"

२६ एप्रिल
यादी उघडली. बाकी सहा जणांच्या तुकड्यांत औषधानं लाल कमी झालंय. ताईच्या आठही चकत्या सारख्याच लाल. मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. मी तिच्या आकड्यापुढे लिहिलं — फरक नाही.