चोवीस वर्षांपूर्वीचा नवस

३ मार्च २००९

आईने पुन्हा नाही म्हटलं! पोटातली गाठ काढायचीय, सोमवारची तारीख मिळालीय — आणि ही पान चघळत म्हणते, "आधी रानातल्या देवळाच्या राखणदाराचा नवस फेडू दे. मग कापा कुठे कापायचं ते."

नवस कधीचा, तर चोवीस वर्षांपूर्वीचा! लढाईच्या काळात सरकारने बाबांना जबरदस्तीने सीमेवर रान तोडायला नेलं त्या आठवड्यात बोललेला. मी सहा वर्षांची होते. बाबा काही परत आले नाहीत. मग फेडायचं काय, कपाळ? देव पावला तर नवस फेडतात. मी तसं तोंडावर बोलले. आई म्हणाली, "तू कोंबड्या उकड."

इतकी वर्षं त्या वाटेवर सुरुंग होते, म्हणून विषय बंद होता. यंदा वाट साफ झाली आणि माझी पंचाईत.

४ मार्च

दोन कोंबड्या, अख्ख्या, डोक्यापायांसकट. तांदळाची दारू, केळी, उदबत्त्या. थोल ट्रॅक्टर काढतोय. नवरा भला मिळाला हो मला!

५ मार्च

तीन तास धूळ खात गेलो. देवळाचं अर्धं गोपुर खाली आलंय, उरलेलं झाडाच्या मुळांनी धरलंय. आई उतरली ती तडक चालायलाच लागली! सुरुंगाच्या लाल पाट्या दोन्ही बाजूंना — मी मागून धावले. "आई, पाट्यांच्या आतून!" ऐकेल तर शपथ. डावा कान गेलाय तिचा, लढाईत तोफगोळा पडला तेव्हापासून.

थोल झाडाआड निघाला तर ओरडली, "आधी विचार त्याला! घर आहे त्याचं." बिचारा हात जोडून म्हणतो, "आजोबा, जरा घाईची आहे…" मी हसून हसून खाली बसले.

राखणदाराच्या दगडी मूर्तीचं मुंडकं चोरीला गेलंय. मला कसंसंच झालं. आई म्हणाली, "असू दे. याला ऐकायला कान लागत नाहीत." दारू ओतली, बराच वेळ पुटपुटली. मीही हात जोडले — बाबा, असाल तिथे सुखी असा.

मग तिने कोंबडीची अख्खी तंगडी खाल्ली. दोन महिन्यांनी धड जेवली! वर थोलला म्हणते, "बायकोला मीठ घालायला शिकव." परतताना माझ्या खांद्यावर घोरत होती. हायसं वाटलं.

९ मार्च

गाठ साधी निघाली. साधी! दवाखान्याच्या जिन्यात बसून मनसोक्त रडले.

११ मार्च

आज आई वाटीभर पेज प्यायली. मी म्हटलं, "आता तरी सांग. बाबा आलेच नाहीत, मग नवस कसला फेडलास?"

तिने चांगला कान माझ्याकडे केला, पुन्हा विचारायला लावलं. मग म्हणाली, "येऊ नयेत, हाच तर नवस होता."

आणि डाव्या कानाला हात लावून — "आपल्या गावात तोफगोळा कधी पडला होता गं?"