नानांचं भरीत आणि बँकांचा संघ

१२ नोव्हें. ८८, भडगाव
जळगावहून परत. मीटिंग, भाषण, गार समोसा. मुंबईच्या बँक-संघाचे एक साहेब आले होते. संघ कसा जन्मला ते तासभर सांगितलं. सार एवढंच: पूर्वी बँका एकमेकींची गिऱ्हाइकं पळवायच्या, मग शहाण्या झाल्या, एका टेबलाशी बसल्या आणि काय करायचं नाही ते ठरवलं. आता आमच्या पगाराची बोलणीसुद्धा तिथेच. "गावपातळीवरही असा समजूतदारपणा दाखवा," म्हणे. समोरच्या बँकेचा मॅनेजर जोशी, माझा जन्माचा वैरी, चक्क टाळ्या वाजवत होता.

१९ नोव्हें.
गावातले चारही मॅनेजर माझ्या केबिनमध्ये. भडगाव गावसंघ स्थापन! सेक्रेटरी मी, कारण चालू टाइपरायटर आमच्याच शाखेत. ठराव पहिला: ठेवींसाठी कुणाच्या घरी, मळ्यात, लग्नात जेवायला जायचं नाही. भरीत पार्टीला तर नाहीच नाही. हे मीच घातलं. गेल्या हिवाळ्यात इतकी भरितं खाल्ली की पोटाने हात टेकले.
घरी सांगितलं. सौ. म्हणाली, "आणि नाना?"
म्हटलं, नाना जुने खातेदार, समजून घेतील.

६ डिसें.
नाना आले. गिरणाकाठी केळी, कपाशी. बायको गेली, दोन्ही मुलं सुरतेला. दर हिवाळ्यात मळ्यात भरीत, आम्हा चौघांना आमंत्रण. "रविवारले भरीत शे, साहेब." मी ठराव वाचून दाखवला. टाइप केलेला, शिक्क्यासकट. नानांनी ऐकून घेतला, टोपी सारखी केली, "बरं" म्हणाले आणि उठले. चहा न घेता. नाना, आणि चहा न घेता!

८ डिसें.
बाकी तिघांनीही नानांना ठरावच वाचून दाखवला म्हणे. एवढी शिस्त आमच्या कॅश काउंटरला कधी आली नाही. आज ताट वाढताना सौ. म्हणाली, "म्हातारा एकटाच वांगी भाजत बसेल."

११ डिसें., रवि.
राहवेना. स्कूटर सगळे ओळखतात म्हणून सायकल काढली. सौ.ला म्हटलं, जरा पाय मोकळे करून येतो. "घरी येऊन ढेकर देऊ नका म्हणजे झालं," ती.
मळ्यात सायकल कडब्याच्या गंजीमागे लपवायला गेलो, तर तिथे जोशीची स्कूटर! आणि स्कूटरमागे जोशी. केळीत काहीतरी सळसळलं. बिबट्या म्हणून दोघेही पळायच्या बेतात. निघाला को-ऑपरेटिव्हचा चौधरी, मफलरातून नुसते डोळे. चौथे पाटीलसाहेब बांधावरून राजरोस आले, पण गॉगल लावून. ठराव आधी कोणी मोडला यावर जोशीने तिथेच वाद काढला. मग नाना दिसले. कपाशीच्या काड्यांवर वांगी, शेजारी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरींची चळत. एकट्या माणसाच्या नव्हेत, पंगतीच्या.
"हात धुई ल्या," एवढंच.
दोन घास झाल्यावर मला उगीच शहाणपणा सुचला. म्हटलं, नाना, आम्ही ठेवींसाठी येतो असं मनात आणू नका हं.
"येतसच ना! माले माहीत शे. मी चार बँकमा पैसा कसाले ठेवस? एकमा ठेवा ते एकच साहेब येस."
चौधरी म्हणाला, मिरची फार झोंबली. मला लाज वाटली. फार वाटली.

१३ डिसें.
ठरावात दुरुस्ती, एकमताने (जोशीसुद्धा!). भरीत पार्टी बंद ती बंदच. मात्र गावसंघाची मासिक बैठक नानांच्या मळ्यात. ठेवींचं नाव काढील त्याला भाकरी नाही. अहवाल मुंबईला रवाना. त्यात भरिताऐवजी 'अल्पोपाहार' लिहिलं. देवा, क्षमा कर.

९ जाने. ८९
मेलो! मुंबईहून पत्र. 'प्रत्यक्ष शेतात बैठक' ही कल्पना संघाला पसंत, देशभर कळवण्याजोगी. तेच साहेब गुरुवारी चाळीसगावला उतरणार, बैठक बघणार. जोशी म्हणतो, साहेबाला कागदपत्रांतच गुंतवू, मळा दाखवायचाच नाही.
पण मी संध्याकाळी नानांना सांगून बसलो. इतके खूश की विचारू नका. वांगी राखून ठेवलीत, वरची कोवळी. मग जवळ सरकून हळूच म्हणाले, "त्या मुंबईना संघमा माले खातं खोलता येई का?"
म्हटलं, नाना, संघात खाती नसतात. तो फक्त बँकांचा...
"मंग तो साहेब पुढला सालले कसा येई?"
गुरुवार तोंडावर आला. कार्यक्रमपत्रिकेत 'अल्पोपाहार' टाइप करून ठेवलं.